काल काय खाल्लं?

भूपाल मगदूम गेल्या जानेवारीत, एका सोमवारी पहाटे, कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या आपल्या दोन खोल्यांच्या घरी झोपेत वारले. वय अडुसष्ट. राजारामपुरीतल्या एका बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात ते एकेचाळीस वर्षं कंपाउंडर होते. आधी थोरल्या डॉक्टरांकडे आणि ते गेल्यावर त्यांच्या मुलीकडे, जिला सगळे मॅडम म्हणतात. त्या सोमवारी दवाखाना बंद राहिला. घरापुढे जमलेल्यांत नातेवाईक कमी होते. कडेवर मूल घेतलेल्या बायका जास्त होत्या.

यातल्या बहुतेकींना त्यांचं आडनाव माहीत नव्हतं. त्यांच्या लेखी ते भूपालअण्णा होते. अण्णा दवाखान्यात काय करत, असं विचारलं तर पाचांपैकी चार जणी एकच उत्तर देत: ते बाळाच्या शीचा रंग बघत.

आमची मुलगी सात महिन्यांची असताना एका सकाळी तिचा लंगोट लाल निघाला. रक्त आहे, असं आम्हा दोघांचं मत पडलं. लंगोट पिशवीत घालून आम्ही दवाखाना गाठला. बाहेरच्या खोलीत, टेबलामागे, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट घातलेला एक उंच, किंचित वाकलेला माणूस बसला होता. त्याने आमच्या चेहऱ्यांकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. मुलगी त्याच्या खिशातल्या पेनाकडे झेपावत होती. त्याने पेन बाजूला ठेवलं आणि पिशवीसाठी हात पुढे केला.

पिशवी घेऊन तो खिडकीशी गेला. खिडकीच्या कट्ट्यावर कागद अंथरून त्याने लंगोट उघडला आणि शेजारी कापसाचा स्वच्छ बोळा ठेवला. पांढरं शेजारी असलं की रंग खरा दिसतो आणि ट्यूबलाइटखाली हिरवंही काळं दिसतं, हे त्याने कुणाला उद्देशून न बोलता सांगितलं. मग विचारलं, काल काय खाल्लं. बायकोने सांगितलं, मऊ भात आणि दूध. कुणी दिलं? मीच.

“आणि कुणी दिलं?”

या दुसऱ्या प्रश्नाला ती थांबली. दुपारी चार ते सहा मुलगी खालच्या मजल्यावरच्या काकूंकडे असायची. दवाखान्यातूनच त्यांना फोन लावला. काकूंनी बिटाची कोशिंबीर केली होती, तिचा रस दोन चमचे पाजला होता, पोरीने मिटक्या मारत घेतला होता आणि ही गोष्ट त्या संध्याकाळी आम्हाला कौतुकाने सांगणारच होत्या.

अण्णांनी पिशवीला गाठ मारून परत दिली. “बीट हाय. आज हुईल, उद्या बी हुईल, परवा जाईल. नंबर घ्यायचा तर घ्या. मॅडम बी हेच सांगतील, पण तुमचं समाधान.”

आम्ही नंबर घेतला. मॅडमनी तेच सांगितलं.

गंमत अशी की बीट त्यांनी आयुष्यात कधी चाखलेलं नव्हतं. अण्णा हातकणंगल्याकडच्या शेतकरी जैन घरातले. विशीत असताना एका चातुर्मासात त्यांनी मुनींसमोर कंदमुळं सोडण्याचा नेम घेतला आणि पुढे कधी मोडला नाही. बीट नाही, गाजर नाही, रताळं नाही, बटाटासुद्धा नाही. पण बाळाने गाजर कुस्करून खाल्लंय की किसून, हे ते लंगोट बघून सांगत. बीट चवीला कसं लागतं माहीत आहे का, असं मी एकदा विचारलं होतं. “आमची नि त्याची ओळख दुसऱ्या टोकानं झाली,” ते म्हणाले. “त्या टोकाला चव कुठली?”

पालकाने शी हिरवी होते, हे बहुतेकींना ठाऊक असतं. लोहाच्या थेंबांनी ती काळपट हिरवी होते, हे औषध देताना सांगितलेलं असतं, पण लक्षात राहत नाही. केळ्याने बारीक काळे दोरे दिसतात आणि ते किडे आहेत असं समजून निम्मं कोल्हापूर एकदा तरी दवाखान्यात धावलेलं आहे. अलीकडे ड्रॅगनफ्रूट आलं. एका कुटुंबाने वर्षाच्या नातवाला अख्खं फळ भरवलं आणि दुसऱ्या दिवशी दोन गाड्या भरून माणसं दवाखान्यापुढे उतरली. त्यात रडत नव्हतं ते फक्त बाळ. अण्णांनी त्या वेळेपर्यंत हे फळ पाहिलेलं नव्हतं. त्यांनी रंग पाहिला, खाण्याचं विचारलं, मग एकाला पाठवून बाजारातून फळ आणवलं, कापून कापसाच्या बोळ्यावर त्याचा रस लावला आणि लंगोटाशेजारी धरला. तेवढं झाल्यावरच बोलले. उरलेलं फळ त्यांनी त्या बाळाच्या आजोबांना खायला लावलं आणि उद्या तुम्ही तुमचं बघा, म्हणजे खात्री पटेल, असं सांगितलं.

चैत्र यात्रेनंतरचे दोन-तीन दिवस बाहेरच्या खोलीत गुलाबी लंगोटांची रांग लागायची. जोतिबावर गुलाल-खोबरं उधळतात. अंगावर पडलेली खोबऱ्याची वाटी प्रसाद म्हणून बाळाच्या हातात जाते, बाळ ती चोखत डोंगर उतरतं, आणि वाटीला बोटभर गुलाल असतो. त्या दिवसांत अण्णा खाण्याचं विचारतच नसत. आलेल्या बाईला थेट म्हणत, डोंगरावर जाऊन आलाय व्हय? बाया एकमेकींकडे बघत. एकदा एका आजोबांनी वाद घातला, देवाच्या प्रसादाने लेकराला काही होतच नाही. अण्णांनी त्यांना बसायला खुर्ची दिली. “देवाकडं काय दोष न्हाय, पावणं. दोष रंगाकडं हाय. खोबरं धुवून द्या, आणि गुलाल कपाळाला लावा. तोंडात कशाला?” आजोबा पुढच्या वर्षी आले ते धुतलेली वाटी दाखवायलाच.

हे सगळं हसत-खेळत चाले, पण तोंडी वर्णनावर ते कधीच उत्तर देत नसत. त्याचं कारण त्यांनी स्वतः सांगितलं होतं. नोकरीच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी एक आई रिकाम्या हाताने आली आणि काळी शी झाल्याचं म्हणाली. बाळाला लोहाचं औषध चालू होतं. अण्णांनी न बघता सांगितलं, औषधाची हाय. ती परत गेली. दुसऱ्या दिवशी ते मूल सरकारी रुग्णालयात होतं. काळेपणा पोटातल्या रक्तस्रावाचा होता. मूल वाचलं. सतरा दिवस ते तिथे होतं आणि सतराही दिवस अण्णा संध्याकाळी जाऊन वॉर्डाच्या दाराशी उभे राहत. आत जायचं धाडस झालं न्हाय, म्हणाले.

त्यांचा दुसरा नियम नंबरांचा होता. आल्या क्रमाने पत्र्याचा बिल्ला मिळे आणि तो क्रम कुणासाठी बदलत नसे. नगरसेवकाची सून असो, मॅडमची मावशी असो. लोक चिडत, आवाज चढवत. अण्णा बिल्ल्याकडे बोट दाखवत.

हा क्रम त्यांनी मोडलेला मला एकदाच माहीत आहे. इचलकरंजीहून एक बाई आली होती. नवरा यंत्रमागावर, दोघं बिहारकडचे. दीड महिन्याचं बाळ, तक्रार सर्दीची. बिल्ला सव्विसावा. बसल्या बसल्या तिने बाळाचं दुपटं बदललं आणि मळकं दुपटं घडी करून पिशवीत टाकलं. अण्णा टेबलावरून उठले, तिच्याकडे गेले आणि त्यांनी ते मागितलं. ती लाजली, नको म्हणाली. त्यांनी हात तसाच ठेवला. दुपट्यावरचा रंग भिजवलेल्या खडूसारखा होता. त्यांनी खिडकीशी नेऊन कापसाशेजारी धरला, मग बाळाच्या डोळ्यांची पापणी हलकेच वर केली. काल काय खाल्लं, असं त्यांनी विचारलं नाही. बाळ उचलून ते थेट मॅडमच्या खोलीत गेले. आत दुसरा पेशंट होता.

बाहेर आल्यावर चौदा नंबरच्या माणसाने जाब विचारला. अण्णा म्हणाले, “लाल, हिरवी, काळी, सगळ्याचं खाण्यावरनं विचारता येतंय. पांढरी शी खाण्यातनं येत न्हाय. तिथं विचारत बसायचं न्हाय, पळायचं.” ते बाळ त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात गेलं. यकृतातून पित्त उतरण्याची वाट बंद होती. शस्त्रक्रिया झाली. वर्षभराने त्या बाईच्या नवऱ्याने फोन करून, मूल चालायला लागल्याचं कळवलं.

लॉकडाऊनमध्ये दवाखान्यातली गर्दी बंद झाली आणि मॅडमनी अण्णांना मोबाइल घेऊन दिला. आया फोटो पाठवू लागल्या. बघितल्याशिवाय सांगायचं नाही हा नियम त्यांनी फोटोवरही चालवला: दिवसाउजेडी काढा, शेजारी पांढरा कागद ठेवा, जवळून काढा. नियम न पाळलेला फोटो ते परत मागवत. एकदा मोबाइल बिघडला. दुकानदाराने दुरुस्त करून तपासायला फोटोंची गॅलरी उघडली. मग मोबाइल दोन बोटांत धरून परत दिला. “पावणं, ह्ये काय साठवलंय?” अण्णांनी त्याला तीन फोटो समजावून सांगितले. दुकानदाराने दुरुस्तीचे पैसे घेतले नाहीत, पण परत इकडे येऊ नका असंही सांगितलं, अशी ही गोष्ट ते स्वतः सांगत.

पुढचं मला काही मॅडमकडून आणि काही अण्णांकडून कळलेलं आहे.

अण्णांना एकच मुलगी, पद्मा. ती शाळेत असताना तिची आई गेली. पुढे अण्णांनी तिला एकट्याने वाढवलं; दवाखान्याच्या बाकावर बसून तिने दहावीचा अभ्यास केला आहे. चार वर्षांपूर्वी तिने मलकापूरच्या एका मराठा मुलाशी नोंदणी पद्धतीने लग्न केलं. त्यांचा दूधधंदा आहे. मुलगा बरा होता, हे अण्णाही नाकारत नसत. लग्नानंतर पद्माचा फोन आला, तो त्यांनी उचलला नाही. “तीनदा आला,” त्यांनी मला एवढंच सांगितलं. “मी उचलला न्हाय. चौथ्यांदा आला न्हाय.” मलकापूर कोल्हापूरपासून एसटीने तासा-सव्वा तासावर आहे. तीन वर्षं त्यांचं बोलणं झालं नाही.

गेल्या वर्षीच्या सुरुवातीला एका सकाळी त्यांच्या मोबाइलवर एक फोटो आला. दिवसाउजेडी काढलेला, शेजारी पांढरा कागद. लंगोट लाल. खाली मजकूर: ‘अण्णा, बाळ आठ महिन्यांचं आहे. काल बीट दिलं होतं. हा रंग बरोबर आहे का?’ नंबरावर नाव नव्हतं. पण हा नंबर कॉलेजला जाताना त्यांनीच तिला घेऊन दिला होता आणि त्यांना तो पाठ होता. घरी ती त्यांना अप्पा म्हणायची. अण्णा म्हणायच्या त्या दवाखान्यातल्या बाया.

मुलगी बाळंत झाल्याचं त्यांना त्या फोटोवरून कळलं.

इतरांना ते पाच मिनिटांत उत्तर देत. या फोटोला त्यांनी दुपारी उत्तर दिलं. मॅडम सांगतात, सकाळभर ते नंबर पुकारत राहिले आणि मधेमधे मोबाइल खिडकीशी नेऊन बघत राहिले, जणू फोटोलाही उजेड लागतो. उत्तर असं होतं: ‘बिटाचा रंग आहे, ताई. दोन दिवसांत जाईल. काळजी नको.’ थोड्या वेळाने आणखी एक ओळ: ‘बाळ आणखी काय काय खातं?’

ही दुसरी ओळ त्यांनी दुसऱ्या कुठल्याही आईला लिहिलेली नाही.

त्यानंतर फोटो येत राहिले. गाजराचा, रताळ्याचा, नाचणीचा, अंड्याच्या पिवळ्याचा. जे अण्णांच्या घरी कधी शिजलं नव्हतं त्याचाही रंग मलकापूरहून येई आणि अण्णा तो ओळखून कळवत. तिने त्यांना अप्पा लिहिलं नाही. त्यांनी तिला पद्मा लिहिलं नाही. मात्र चौथ्या की पाचव्या फोटोनंतर त्यांनी लिहिलं, ‘फोटो जरा लांबून काढा.’ बाकी सगळ्यांना ते जवळून काढायला सांगत. पुढच्या फोटोत कोपऱ्यात एक टाच आली. मग चांदीचा वाळा घातलेला पाय. एकदा खरचटलेला गुडघा. एकदा नुसता हात, त्यात भाकरीचा तुकडा. ते फोटो अण्णांनी मला दाखवले तेव्हा प्रत्येकातला रंग आधी समजावून सांगितला, आणि मग बोट सरकवत कोपऱ्याकडे नेलं. चेहरा कुठल्याच फोटोत नव्हता. तो मागायचा कसा, हे त्यांना सुचत नव्हतं.

आणि दिवस थोडे होते. मूल दीड वर्षाचं झालं, घरातलं सगळं खायला लागलं, की कुणी आई रंगाचं विचारत नाही. हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. गेल्या पावसाळ्यात फोटो महिन्याला एक झाला. गणपतीत आलेला फोटो परत बिटाचाच होता. ज्या बाईने इतके महिने रंगांची उत्तरं घेतली तिला बीट ओळखता येत नाही, असं होणार नव्हतं. मॅडमनी तो पाहिला आणि त्या म्हणाल्या, अण्णा, एक ओळ लिहा की, बाळाला एकदा आणून दाखवा म्हणून. ती उद्या येईल.

“बिटाचा रंग हाय, मॅडम,” अण्णा म्हणाले. “मूल बरं हाय. दवाखान्यात आणा म्हणून कुठल्या तोंडानं सांगू? आई हाय ती, काय तरी वाईट हाय असंच समजंल. वाटंनं तिच्या जिवाचं काय हुईल?”

त्यांनी लिहिलं, ‘बिटाचा रंग आहे. काळजी नको.’ ऑक्टोबरात फोटो आला नाही.

दिवाळीनंतरच्या एका शनिवारी मी मुलीला दहाव्या वर्षीची लस द्यायला दवाखान्यात नेलं होतं. पद्मा त्यानंतरही दोनदा येऊन गेली, असं मॅडम सांगतात. मी पाहिलं ते पहिल्या वेळचं.

सकाळी दहाच्या सुमारास ती दारात आली. निळी साडी, कडेवर मुलगा. टेबलापाशी येऊन तिने बाकीच्या बायांसारखाच हात पुढे केला. अण्णांनी तिच्याकडे पाहिलं आणि पेटीतला बिल्ला काढून दिला. एकोणीस. तेव्हा सहा नंबर आत होता. ती खिडकीजवळच्या बाकावर जाऊन बसली.

तिला ओळखणाऱ्या दोघी-तिघी जुन्या बाया तिथे होत्या. त्यांनी एकमेकींना खुणावलं. आतून मॅडमनी दार किलकिलं करून पाहिलं आणि त्या हळूच म्हणाल्या, अण्णा, तिला पाठवा आधी.

“एकोणीस नंबर हाय,” अण्णा म्हणाले. “आत्ता सहा चालू हाय.”

एका बाईने कपाळाला हात लावला. पद्माने मान खाली घातली. ती हसत होती की काय, ते मला दिसलं नाही.

सव्वादोन तास ती तिथे बसली होती. मुलगा पंधरा मिनिटं मांडीवर राहिला, मग उतरला. दीड वर्षाचा, गोल चेहऱ्याचा, कानावर केस आलेला. त्याने वजनकाटा हलवला, बाकाखाली जाऊन कुणाची तरी चप्पल आणली, ती अण्णांच्या टेबलावर ठेवली. अण्णांनी चप्पल उचलून खाली ठेवली. त्याने परत आणली. असं पाच-सहा वेळा झालं. अण्णा दरवेळी ती तेवढ्याच सावकाश खाली ठेवत. मधल्या काळात ते नंबर पुकारत होते, वजनं घेत होते, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्यांवर खुणा करत होते. एका आईला त्यांनी सांगितलं की हिरवी शी मेथीची आहे. चौदाव्या नंबरनंतर त्यांनी पाणी प्यायलं. सतरा नंबर गैरहजर होता. त्यांनी तो तीनदा पुकारला.

“एकोणीस.”

पद्मा उठली, मुलाला कडेवर घेऊन टेबलापाशी गेली. मॅडमच्या खोलीचं दार उघडंच होतं.

“काल काय खाल्लं?” अण्णांनी विचारलं.

“सगळं खातोय.”

“शीचा रंग?”

“नेहमीचा.”

“मग काय झालंय?”

“काय झालेलं न्हाय, अप्पा,” ती म्हणाली. “तुम्ही त्याचं तोंड बघितलं नव्हतं.”

तिने मुलगा टेबलावरून पलीकडे दिला. अण्णांनी तो दोन्ही हातांनी घेतला, उठून खिडकीशी नेला आणि उजेडात धरला. पाठ आमच्याकडे होती. मुलाने त्यांच्या खिशातलं पेन काढून घेतलं. पद्मा टेबलाच्या अलीकडेच उभी होती. मग ती वळसा घालून त्यांच्याजवळ गेली.

एकोणीस नंबर आत गेला नाही. थोडा वेळ वाट पाहून मॅडम स्वतः दाराशी आल्या आणि त्यांनी वीस नंबर पुकारला.